पुलावर न आलेली माणसं

समवृत्ती वक्र या आठवड्यात घ्यायचे ठरले होते, ते पुढच्या लेखावर ढकलतो. कारण सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न बाजूला ठेववत नाही. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानं कल्पिलेल्या, सुख मोजणाऱ्या ‘सुखमापका’बद्दल वाचून ते विचारतात : माणसाच्या मनातलं समाधान मोजणारं यंत्र नाहीच, तर मग एखादा पूल बांधण्याआधी ‘लोकांना इतक्या कोटींचा फायदा होईल’ हे सरकार कशाच्या आधारावर लिहितं?

याचं पहिलं नीट उत्तर एका इंजिनिअरनं दिलं. ज्यूल द्युपुई त्याचं नाव. जन्म १८०४चा, नोकरी फ्रान्सच्या पूल आणि रस्ते खात्यात. रस्ते का झिजतात, लुआर नदीला पूर का येतो, पॅरिसचं सांडपाणी कुठून न्यायचं हे त्याचे रोजचे विषय. आपल्याकडे भूजलशास्त्र शिकलेल्यांना त्याचं नाव विहिरीकडे झिरपणाऱ्या पाण्याच्या सूत्रामुळे ठाऊक असतं. याच माणसानं १८४४ साली खात्याच्या नियतकालिकात सार्वजनिक कामांची उपयोगिता कशी मोजावी यावर एक निबंध लिहिला. सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त मांडणाऱ्या जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांची पुस्तकं यायला तेव्हा अजून पाव शतकाहून जास्त अवकाश होता.

त्याआधीचा हिशेब होता नाव्हियेचा. द्रवांच्या गतीच्या समीकरणांमुळे प्रसिद्ध असलेला हाच तो नाव्हिये. त्याची रीत सरळ होती. रस्त्यानं एक टन माल न्यायला किती खर्च, कालव्यानं किती, त्यातला फरक काढायचा आणि कालव्यावरच्या सगळ्या टनांनी गुणायचं. द्युपुईनं बोट ठेवलं ते ‘सगळ्या’ या शब्दावर. वाहतूक स्वस्त झाली म्हणून जो माल नव्यानं हलू लागला, त्याच्या मालकाचा फायदा पूर्ण फरकाइतका कसा असेल? तेवढा असता तर त्यानं जुन्या भाड्यातही माल नेलाच असता.

हे समजावून सांगताना तो शहरातल्या पाण्याचं उदाहरण घेतो. रोज एक हेक्टोलिटर, म्हणजे शंभर लिटर पाण्याची वर्गणी वर्षाला ५० फ्रँक असताना एक माणूस तेवढंच, जपून वापरतो. वर्गणी ३० फ्रँकवर येते. पहिल्या हेक्टोलिटरवर त्याचे २० फ्रँक वाचतात हे उघड आहे. पण आता तो दुसराही हेक्टोलिटर घेतो, आणि खरी गंमत इथे आहे. या दुसऱ्याची त्याच्या लेखी किंमत ३० फ्रँकपेक्षा कमी नाही, नाहीतर त्यानं तो घेतला नसता. आणि ती ५० पेक्षा कमी आहे, नाहीतर आधीच घेतला असता. दर आणखी उतरले की तो घर धुऊन काढतो, मग बागेला पाणी देतो, आणि अगदी नाममात्र दर झाला की दारात कारंजं उडवतो. प्रत्येक वाढीव नगाचं मोल आधीच्यापेक्षा कमी होत जाणं, म्हणजे घटती सीमान्त उपयोगिता, इथे कुणाच्या डोक्यात न शिरता नुसत्या वर्गणीच्या दरांवरून दिसते. समाधान दिसत नाही, पण त्यासाठी माणूस जास्तीत जास्त किती सोडायला तयार आहे ते दिसतं. द्युपुईचं माप ते हेच. त्या कमाल रकमेतून प्रत्यक्ष दिलेली किंमत वजा केली की उरतं ते ग्राहकाचं संतोषाधिक्य. पुढे अर्थशास्त्रज्ञ मार्शलनं त्याचं बारसं केलं, पण मूल द्युपुईच्या घरचं.

आता एक छोटा हिशेब करून पाहा. एका पुलावरून दहा माणसांना पलीकडे जायचं आहे. पहिला त्यासाठी जास्तीत जास्त १० रुपये देईल, दुसरा ९, असं उतरत दहावा १ रुपया. पूल फुकट असेल तर सगळे जातात आणि एकूण उपयोगिता होते ५५ रुपये. टोल ५ रुपये ठेवा : सहा जण येतात, गल्ल्यात ३०, त्यांच्या पदरी संतोषाधिक्य १५, आणि परत गेलेल्या चौघांचे १० बुडाले. टोल ६ करा : पाच जण येतात, गल्ल्यात पुन्हा ३०च! नाक्याच्या वहीत काहीच बदललं नाही. पण संतोषाधिक्य १५वरून १०वर आलं आणि बुडालेली उपयोगिता १०वरून १५वर गेली. हे बुडालेले पैसे सरकारला मिळाले नाहीत, ठेकेदारालाही नाहीत; ते कुणालाच मिळाले नाहीत. टोल जसा वाढतो तसा हा तोटा साधारण त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हेही द्युपुईनंच दाखवलं.

हेच माप हातात घेऊन त्यानं १८४९मध्ये रेल्वेकडे पाहिलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसतं? छपराचा खर्च वाचवायचा म्हणून नाही, असं तो म्हणतो. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला परवडतं, त्यानं तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. ज्याच्याकडून जास्त काढता येतं त्याला घाबरवण्यासाठी गरिबाला उन्हापावसात बसवायचं! आपल्याकडे १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिताना जवळचंच गणित मांडलं होतं : पहिल्या वर्गाचं भाडं पाचपटीहून थोडं जास्त, पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला त्या सुखसोयींचा दहावा हिस्सा तरी मिळतो का? आपल्या रेल्वेतून तिसरा वर्ग गेला तो थेट १९७४मध्ये.

द्युपुईच्या मापाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायलाच हवी. रोजंदारीवरच्या माणसाचे १० रुपये आणि बंगलेवाल्याचे १० रुपये या हिशेबात सारखेच धरले जातात. वरच्या उदाहरणातल्या दहाव्या माणसाची गरज सगळ्यांत लहान होती की खिसा, हे त्या १ रुपयावरून कळत नाही. म्हणून हे माप गरजेचं आणि ऐपतीचं मिळून आहे, आणि ते वापरणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे.

पूल एकदा उभा राहिला की टोल नको, खर्च करांतून भागवावा, असं अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंगनं द्युपुईच्या आधारानं १९३८मध्ये मांडलं. रोनाल्ड कोसनं १९४६मध्ये उलट विचारलं : कुणी पैसेच मोजले नाहीत, तर पूल बांधण्याजोगा होता हे कळणार कसं? माझा कल हॉटेलिंगकडे आहे, पण कोसचा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर मालिकेत पुढे एक पूर्ण लेख देईन.

सांगलीच्या वाचकांना उत्तर असं : फायद्याचे ते कोटी म्हणजे लोकांनी जास्तीत जास्त किती सोडलं असतं याचा अंदाज असतो, आणि तो अंदाज कसा बांधला हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० रुपये ठरले. ज्याला ते जड वाटतात तो वाशीच्या पुलावरून वळसा घालतो. टोलची चर्चा निघाली की वसुली किती झाली हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याच्या जोडीला आणखी एक आकडा मागा : वळसा घालून गेले ते किती?