जूनिपर बोन्साय : पर्णलक्षणांवरून ओळख

जूनिपर बोन्साय : (कुल–क्युप्रेसेसी). उथळ कुंडीत मुद्दाम खुरटे ठेवून पूर्ण वाढलेल्या वृक्षाचे रूप दिलेल्या झाडाला बोन्साय म्हणतात. जपानी परंपरेने या कलेत ज्या प्रकटबीज वनस्पतींना मानाचे स्थान दिले, त्यांत पाइनच्या बरोबरीने जूनिपरचे नाव घेतले जाते. त्याची पाने बारीक असल्याने झाड लहान असूनही प्रमाण बिघडत नाही, फांद्या तारेने हव्या तशा वळविता येतात आणि खोडाचा काही भाग सोलून पांढरा व निर्जीव ठेवला तरी उरलेल्या सालीच्या पट्टीवर झाड जगते.

जूनिपेरस वंशात सु. ७० जाती असून पूर्व आफ्रिकेत विषुववृत्ताच्या दक्षिणेसही पोहोचलेली जू. प्रोसेरा ही जाती वगळता बाकीच्या सर्व उत्तर गोलार्धातील आहेत. भारतात त्या हिमालयातच आढळतात. आयुर्वेदातील हपुषा (हिंदी हौबेर) म्हणजे जू. कम्युनिस, तिच्याशिवाय जू. स्क्वॅमाटा, जू. रिकर्व्हा, जू. इंडिका व जू. पॉलिकार्पॉस या जाती तेथे आहेत. सह्याद्रीत एकही जाती नैसर्गिक रीत्या वाढत नाही. मुंबई व तिच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील गच्च्यांवर व सज्जांत दिसणारी जूनिपर झाडे रोपवाटिकांतून आलेली असतात आणि त्यांबरोबर आलेली नावे फारशी भरवशाची नसतात. मुंबईत बोन्सायची आवड रुजविण्यात ज्योती व निकुंज पारेख या दांपत्याचा आणि इंडो-जॅपनीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाचा मोठा वाटा आहे. तरीही चिठ्ठीवरील नाव एक आणि झाड दुसरेच, हा अनुभव संग्राहकांना वारंवार येतो. याचे मूळ बहुधा पानांच्या स्वरूपात असते. जूनिपरचे पान प्रथम झाडाची अवस्था व त्याला मिळालेली वागणूक सांगते. त्याची जात त्यानंतर सांगते.

पानांचे दोन प्रकार : बीजापासून उगवलेल्या प्रत्येक जूनिपरच्या रोपाला प्रथम सुईसारखी पाने येतात. ती टोकदार, खोडापासून दूर पसरलेली व हाताला टोचणारी असून एका पेऱ्यावर तीन-तीनच्या मंडलात किंवा समोरासमोर असतात. त्यांच्या वरच्या बाजूवर त्वग्रंध्रांचे पांढरट पट्टे दिसतात. या पानांना बालपर्णे म्हणतात. अनेक जातींत पुढे खवल्यासारखी प्रौढपर्णे येतात. ती फार लहान (जू. चायनेन्सिसमध्ये सु. १·५–३ मिमी.), बोथट, डहाळीला घट्ट चिकटलेली व बहुधा समोरासमोर असून लगतच्या जोड्या एकमेकींशी काटकोन करतात. त्यामुळे डहाळी गुंफलेल्या दोरीसारखी गोलसर व मऊ लागते. ज्याने ही दोन रूपे एकाच झाडावर पाहिलेली नाहीत, त्याला ती दोन वेगळ्या झाडांची वाटतील, इतका त्यांत फरक असतो.

असा अवस्थाभेद मुंबईकरांच्या नेहमीच्या पाहण्यातील झाडांतही आहे. उपनगरांत वसाहतींच्या व रस्त्यांच्या कडेने लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या नुकत्याच उगवलेल्या रोपाला साध्या बाभळीसारखी पिसासारखी संयुक्त पाने असतात; काही दिवसांतच ती थांबतात आणि रुंद झालेले, विळ्याच्या आकाराचे देठच पानांचे काम करू लागतात. निलगिरीच्या कित्येक जातींत रोपावरील पाने बिनदेठाची व समोरासमोर, तर मोठ्या झाडावरील पाने लांब देठाची व लोंबती असतात. मात्र ऑस्ट्रेलियन बाभळीचे मोठे झाड मागे वळून पिसासारखी पाने सहसा धारण करीत नाही. जूनिपर करते, आणि ओळखीचा घोटाळा तेथे सुरू होतो.

अवस्था ही संपूर्ण झाडाची नसून वाढणाऱ्या प्रत्येक टोकाची असते. म्हणून जू. चायनेन्सिसच्या जुन्या वृक्षावरही फांद्यांच्या तळाशी सुया व टोकांकडे खवले असा प्रकार दिसतो. सुयांच्या भागातून घेतलेले छाट कलम दीर्घकाळ सुयाच देते, खवल्यांच्या भागातून घेतलेले बहुधा खवले देते. फुलझाडांवरील संशोधनात बालावस्थेतून प्रौढावस्थेत होणारे हे संक्रमण मायक्रोआरएनए-१५६ या रेणूशी निगडित असल्याचे आढळले आहे. त्याचे प्रमाण बालावस्थेत अधिक असते व वयाबरोबर घटते.

या गोष्टीने शास्त्रज्ञांनाही फसविले होते. झीबोल्ट व त्सुकारीनी यांनी १८४४ मध्ये जपानी वनस्पतींच्या आधारे रेटिनोस्पोरा हा स्वतंत्र वंश स्थापिला. पुढे उद्यानांतील मऊ सुयांची अनेक शोभिवंत झाडे त्यात घातली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन तज्ञ लूडविग बाइस्नर यांनी दाखवून दिले की, ती निरनिराळ्या शंकुमंत वृक्षांची छाट कलमांनी स्थिर केलेली बालरूपे होत. रेटिनोस्पोरा हा वंश आज मानला जात नाही, परंतु त्यामागील चूक रोपवाटिकांत रोज नव्याने होते.

ओळखीचा क्रम : पान सुईसारखे आहे की खवल्यासारखे, हा पहिला प्रश्न नव्हे. पानाचा तळ प्रथम पहावा. भिंगाखाली सुईच्या तळाशी सांधा दिसला आणि ती तेथून निखळत असेल, तर झाड जू. कम्युनिसच्या गटातील होय. या गटात पाने आयुष्यभर सुईसारखीच राहतात व शंकू पानांच्या बगलेत येतात. बोन्सायमध्ये या गटाचा मुख्य प्रतिनिधी जपान-कोरियातील जू. रिजिडा (जपानी तोशो) हा आहे. त्याची सुई अरुंद, कडक व खोल पन्हळीची असून पांढरा पट्टा त्या पन्हळीच्या तळाशी असतो, जू. कम्युनिसमध्ये पन्हळ उथळ व पट्टा रुंद असतो. सुईला सांधा नसून तिचा तळ खोडाला चिकटून खाली उतरला असेल, तर झाड सॅबायना गटातील होय. या गटात शंकू आखूड डहाळीच्या टोकाला येतात. बोन्साय सतत छाटले जात असल्याने शंकूंचा उपयोग क्वचितच होतो, पानाच्या तळाचा मात्र नेहमीच होतो.

सॅबायना गटातही सर्वच जाती खवले धारण करीत नाहीत. जू. स्क्वॅमाटाची पाने कायम सुईसारखी, तीनच्या मंडलात व आतील बाजूस पांढरट असतात. कोवळे शेंडे किंचित झुकलेले असतात आणि वाळलेली तपकिरी पाने डहाळीवर बराच काळ टिकतात. जपानच्या किनाऱ्यावरील जू. प्रोकंबेन्स भुईसरपट वाढते. तिच्याही सुया तीन-तीन असून प्रत्येक सुईच्या खालच्या अंगास तळाजवळ दोन पांढरे ठिपके असतात. भिंगातून ते स्पष्ट दिसतात. तिचा ‘नाना’ हा ठेंगणा प्रकार बोन्सायसाठी जगभर विकला जातो. या दोन्ही जातींच्या झाडाला ‘अजून बाल आहे, पुढे खवले येतील’ म्हणून कितीही वर्षे सांभाळले, तरी ते येत नाहीत.

शिंपाकू : जू. चायनेन्सिसच्या सार्जेंटाय या वाणाला व त्यातून निवडलेल्या प्रकारांना जपानमध्ये शिंपाकू म्हणतात. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स स्प्रेग सार्जेंट यांनी १८९२ मध्ये जपानमधून आणलेल्या नमुन्यांमुळे हे नाव पडले. प्रौढ शिंपाकूवर जवळजवळ सर्व पाने खवल्यांची असतात. नीगाता प्रांतातील इतोइगावा भागाच्या नावाचा प्रकार बारीक डहाळ्यांचा व चमकदार हिरवा, तर की द्वीपकल्पाच्या नावाचा किशू हा प्रकार किंचित जाडसर व निळसर हिरवा असतो. कैझुका या उंच वाढणाऱ्या प्रकारात डहाळ्या पिळवटून ज्वालेसारख्या वर जातात. त्यावर छाटणीनंतर सुया पटकन येतात. कॅलिफोर्नियातील सान होसे व उष्ण प्रदेशांत रुळलेला पार्सनाय यांवर दोन्ही पाने नेहमीच मिसळलेली असतात. असे मिश्रण हे त्यांचे स्वाभाविक लक्षण आहे. शिंपाकूवर तेच दिसल्यास झाडाला धक्का बसल्याची ती खूण होय.

प्रत्यावर्तन व मुंबईचे हवामान : प्रौढ टोके मोठ्या प्रमाणात कापली, मुळे जास्त छाटली, नत्रयुक्त खत व पाणी सढळ दिले किंवा तारेने फांदी फार मुरडली की, शिंपाकू पुन्हा सुया काढू लागते. त्याला विश्रांती दिली तर दोन-तीन वर्षांत खवले परततात. पण सुया दिसल्या म्हणून त्याच पुन्हा कापल्या, तर सुयाच वाढतात आणि झाड अशक्त होते. येथे धोका केवळ रूपाचा नाही. जूनिपरच्या हिरवे पान नसलेल्या जुन्या फांदीवर सहसा नवा कोंब फुटत नाही. ती फांदी गेली ती गेलीच.

जपानमध्ये हिवाळ्यात जूनिपरची वाढ थांबते. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सरासरी सु. १७° से. असते, त्यामुळे खरी विश्रांती मिळत नाही, वाढ चालू राहते आणि कात्रीही चालू राहते. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,२०० मिमी.पेक्षा जास्त पाऊस पडतो. कुंडीतील मिश्रण भरड व निचऱ्याचे नसल्यास मुळे कुजतात व धक्क्याने सुया येतात. उंच इमारतींच्या सावलीतील सज्जात खवल्यांच्या डहाळ्या लांब व विरळ होतात, इतक्या की इतोइगावा ओळखू येत नाही. कोरड्या महिन्यांत लाल कोळ्यांच्या उपद्रवाने पाने करडी पडतात. ही छटा किशूची म्हणून ठरविण्यापूर्वी डहाळी पांढऱ्या कागदावर झटकून पहावी. सरकणारे बारीक ठिपके दिसल्यास तो प्रकार नव्हे, कीड होय.

व्यापारी नावे : भारतीय रोपवाटिकांत पसरणाऱ्या जवळजवळ कोणत्याही जूनिपरला ‘प्रोस्ट्राटा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ भुईसरपट एवढाच आहे. जू. प्रोस्ट्राटा हे शास्त्रीय नाव उत्तर अमेरिकेतील जू. हॉरिझाँटॅलिस या जातीचे जुने पर्यायी नाव आहे. कुंडीतील झाड ती जाती असेलच असे नाही. जू. प्रोकंबेन्सला काही ग्रंथकार जू. चायनेन्सिसचाच वाण मानतात, त्यामुळे एकाच झाडाच्या दोन चिठ्ठ्या दोन्ही बरोबर असू शकतात. जपानमध्ये जाड पानांच्या जुन्या खोडावर इतोइगावाच्या डहाळ्या कलम करण्याची प्रथा आहे. अशा झाडाचे पान खोडाविषयी काहीच सांगत नाही. मूळ झाडाची एखादी डहाळी राहून गेली असल्यास दोन पोतांची पाने शेजारी शेजारी दिसतात व ती चुकून बाल व प्रौढ समजली जातात. खरी बालपर्णे सुयांची असतात, केवळ जाडसर खवल्यांची नसतात.

नाव ठरविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एक निरोगी फांदी पुरेशा उन्हात, खत बेताचे ठेवून, दोन वर्षे न छाटता वाढू देणे. या मुदतीत तिच्या टोकांना खवले आले, तर झाड सॅबायना गटातील खवले धारण करणाऱ्या जातीचे ठरते व डहाळीची जाडी, रंग आणि पीळ यांवरून प्रकार ठरविता येतो. खवले आले नाहीत, तर पानाचा तळ, ठिपके व पट्टे यांकडे वळावे. बालरूपातील मोरपंखीही कधीकधी जूनिपर म्हणून विकली जाते. तिच्या प्रौढ डहाळ्या चपट्या असून पंख्यासारख्या उभ्या प्रतलात पसरतात व शंकू काष्ठमय, आकडेदार खवल्यांचे असतात. जूनिपरची प्रौढ डहाळी गोलसर व शंकू मांसल, मृदुफळासारखे असतात.