तीनशे व्होल्टचा डबा

उमरेडच्या वाइंडिंगच्या दुकानात माणूस जातो तो बहुधा विहिरीवरची मोटर जळाली म्हणून. मी गेलो होतो वॉल्व्हच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायला. कारागिरानं कागदावरचे आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, "लाइनच दोनशे तीसची हाय, मंग दोनशे वीस काढाले ट्रान्सफॉर्मर कायले जी?"

याहून नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी एकमेकांना शिवत नाहीत, त्यांच्यात फक्त चुंबकत्वाचं नातं असतं. तो वगळला तर डब्याच्या पत्र्यावर, आणि तिथून हेडफोनच्या तारेत, थेट फेज उतरू शकतो. दहा व्होल्ट कमी करणं हा हेतूच नव्हता. ही फारकत हवी होती, आणि ती कानापासून वीतभर अंतरावर हवी होती.

दोनशे वीसचा एसी चार डायोडांतून गेला की कंडेन्सरवर ३११ व्होल्ट डीसी साठतो. जुने रेडिओ मेकॅनिक याला एचटी म्हणतात, हाय टेन्शन. माझ्या तीनशे ओहमच्या हेडफोनला मोठ्यानं ऐकायलाही तीन व्होल्ट पुरतात. मग एवढा दाब कशाला? तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वात पोकळी ओलांडून अ‍ॅनोडवर यायचे, तर पलीकडून ओढही जबर लागते. वॉल्व्हला व्होल्ट भरपूर लागतात, करंट थोडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ते गणित उलटवून कानाला सोसेल असं करतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनात ५८० व्होल्ट थेट कानाजवळच्या पडद्यावर असतात. माझा तीनशेचा दाब डब्यातच राहावा, एवढंच मला साधायचं होतं.

वॉल्व्ह घेतले ईसीसी ८३ आणि ईएल ८४. ईएल ८४ हा फिलिप्स घराण्याचा, १९५३ चा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही हे वॉल्व्ह बनवले. 'बेल'चा शिक्का असलेली काच हातात घेतली की आपल्याच कारखान्यातली वस्तू भेटल्याचा आनंद होतो, तो मी लपवणार नाही.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बल्बमधून. साठ वॉटचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. मग हेडफोन लावला. आवाज आला, पण तबल्याचा बायाँ हरवलेला. डग्ग्याची घुमक ऐकू येईना.

दोन रात्री मी कंडेन्सर बदलत बसलो. चूक पत्त्यांत होती. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्त्या एकाआड एक उलट भरतात, म्हणजे चुंबकत्वाला वाट अखंड मिळते. पण ईएल ८४ च्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून चौतीस मिलिअँपिअर डीसी सतत वाहतो. अखंड वाटेत तेवढ्यानं लोखंड आधीच भरून जातं, आणि खालच्या सुरांना जागा उरत नाही. तिथे 'ई' आकाराच्या सगळ्या पत्त्या एका अंगाला, 'आय' आकाराच्या सगळ्या दुसऱ्या अंगाला आणि मध्ये कागदाची फट लागते. मी हे सांगायलाच विसरलो होतो. कारागिरानं वार्निश खरवडून पत्त्या पुन्हा भरल्या, मध्ये कागद घातला, आणि फट किती ठेवली ते स्वतःच्या वहीत टिपून घेतलं. त्या संध्याकाळी बायाँ परतला.

उरली गुणगुण. तिचा सूर ओळखता आला की अर्धं काम होतं. शंभर हर्ट्झ असेल तर दोष डायोडांनंतरच्या फिल्टरमध्ये, पन्नास असेल तर हीटरच्या तारा किंवा अर्थ. माझी पन्नासची होती. हीटरच्या तारांना पीळ घालून, दोन्हींवरून शंभर-शंभर ओहम अर्थला दिल्यावर ती विरली.

मग एका रात्री उजव्या ईएल ८४ चा अ‍ॅनोड लालसर दिसला. कॅथोडवर नऊऐवजी चौदा व्होल्ट. खालचा रजिस्टन्स २७० ओहमचा, म्हणजे बावन्न मिलिअँपिअर, आणि बारा वॉटची मर्यादा असलेल्या वॉल्व्हवर त्याहून जास्त भार. ग्रिडवर शून्य हवं, तिथे सहा व्होल्ट. संशयित दोघं: वॉल्व्हमध्ये वायू शिरलाय, किंवा ग्रिडच्या आधीचा कंडेन्सर गळतोय. वॉल्व्ह उपसून सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनवर मोजलं. व्होल्ट तसेच. गुन्हेगार कंडेन्सर. जुन्या रेडिओतून काढलेला कागदी कंडेन्सर मी हौसेनं बसवला होता, तो काढून नवा फिल्मचा लावला.

ही मोजमापं करताना डावा हात पाठीशी असतो. दोन्ही हात आत गेले तर करंटची वाट छातीतून जाते. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलेच राहतात. माझ्या डब्यात २२० किलोओहमचा रजिस्टन्स त्यांना सव्वा मिनिटात तीस व्होल्टखाली आणतो. तरीही मी मीटर लावल्याशिवाय आत बोट घालत नाही. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

शेवटची तक्रार उमरेडचीच. कोळसा खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि त्यासरशी डाव्या कानात बारीक घंटा वाजे. ईसीसी ८३ ची काच पेन्सिलीनं हलकेच ठोकली, तीच घंटा. आतली ग्रिड सैल असेल तर वॉल्व्ह मायक्रोफोनसारखा हादरे ऐकतो. दुसरा वॉल्व्ह लावला, सॉकेटखाली रबर दिलं.

जुन्या रेडिओच्या पाठीला वॉल्व्हच्या जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असे. मीही झाकणाच्या आतून एक कागद डकवलाय: प्रत्येक पिन, तिच्यावरचे व्होल्ट आणि मोजल्याची तारीख. उजव्या कॅथोडसमोर चौदा खोडून ९.२ लिहिलंय.