सल्फर गेलं, भार एलिमेंटवर आला

डिझेल पंपाचं काम करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपात एक खोली कायम बंद दाराची असते. अहिल्यानगरच्या एमआयडीसीत जा की संगमनेरला, दार बंद ठेवण्याचं कारण एकच: धूळ. आत टेस्ट बेंचवर पंप बांधलेला असतो आणि समोर मापाच्या काचेच्या नळ्या ओळीनं लावलेल्या. ठरावीक फेऱ्यांत कोणत्या नळीत किती डिझेल पडलं, यावर कारागिराची नजर. एखादी नळी कमी भरली की त्या लाइनचं एलिमेंट संशयात येतं.

एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. जोडी लॅपिंग करून एकमेकांना जुळवलेली असते, म्हणून एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही. प्लंजरवर तिरकी खाच कोरलेली असते. रॅक सरकला की प्लंजर स्वतःभोवती फिरतो, खाच बॅरलच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि त्यावर सिलिंडरमध्ये किती तेल जाणार ते ठरतं. ट्रॅक्टरचा जुना इनलाइन पंप असाच चालतो आणि समुद्रातल्या हजारो जहाजांचे पंपही असेच चालतात. तिथं प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप असतो, प्लंजर मनगटाएवढा जाड असतो, फट मात्र मायक्रॉनमध्येच मोजावी लागते.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी २०२० साली समुद्रावरचा आणि इथल्या रस्त्यावरचा नियम तीन महिन्यांच्या अंतरानं बदलला. १ जानेवारीला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजाच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. १ एप्रिलला देशभर भारत स्टेज ६ लागू झालं आणि पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्ये सल्फर दहा लाख भागांत फक्त १० भाग उरलं. आकडे शेजारी ठेवून पाहावेत: सुधारलेल्या जहाजी तेलातही ट्रॅक्टरच्या डिझेलच्या ५०० पट सल्फर चालतं. जहाजांवर निर्बंध फार कडक झाले अशी तक्रार ऐकू येते, ती मला पटत नाही. बंदराकाठी राहणाऱ्यांनी हा धूर पुष्कळ वर्षं सोसला आहे.

पंपाची अडचण मात्र खरी आहे. जुनं जड तेल थंड असताना डांबराच्या वळणाचं. ते १३० अंशांच्या आसपास तापवून, दाटपणा १० ते १५ सेंटिस्टोकवर आणून मगच पंपाला देतात. या दाटपणामुळं फटीत तेलाचा थर टिकायचा आणि धातू धातूला लागायचा नाही. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांलगत २०१५पासून, आणि १ मे २०२५पासून भूमध्य समुद्रातही, मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. धुरातलं सल्फर धुऊन काढणारा स्क्रबर नसलेल्या जहाजाला तिथं बहुतेक वेळा हलकं मरीन गॅस ऑइल घ्यावं लागतं. ते इंजिनरूमच्या उष्णतेत २ सेंटिस्टोकच्या खाली जाऊ शकतं. मग दाब चढताना बरंचसं तेल फटीतूनच निसटतं. झिजलेल्या पंपावर पूर्ण वेगात हे जाणवत नाही. बंदरात शिरताना, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायच्या वेळी जाणवतं, आणि जहाजाला सर्वांत जास्त धोका तिथंच असतो.

शिवाय सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत तेलातले वंगणाचं काम करणारे घटकही जातात. म्हणून हलक्या इंधनाची वंगणक्षमता आता मोजतात: तेलात बुडवलेली पोलादी गोळी चकतीवर घासायची आणि गोळीवर पडलेला झिजेचा डाग मापायचा. जहाजी इंधनाला हा डाग ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, आपल्या डिझेलला ४६०पर्यंत.

तेल बदलतानाही घाई चालत नाही. गरम तेलावरून थंड तेलावर एकदम गेलं तर बॅरल आणि प्लंजर सारख्या वेगानं आकसत नाहीत आणि पंप जाम होतो. मिनिटाला साधारण २ अंश हा वेग पाळायचा, म्हणजे काम पाऊण तासाच्या आत उरकत नाही. जहाजावरच्या इंजिनिअरनं त्या वेळात तापमानावरून नजर हलवू नये.

जुन्या जहाजांवर मग सुधारणा होतात. नवी एलिमेंट्स बसवतात, काही ठिकाणी प्लंजरवर हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा लेप देतात. इंधन थंड ठेवायला चिलर लावतात. नव्या इंजिनांत कॉमन रेल आली आहे; तिथं दाब आणि वेळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रण ठरवतं.

जहाजांवरचा दुसरा नियम धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुट्या भागापर्यंत पोचतो. इंजिनाच्या टेक्निकल फाइलमध्ये प्लंजर, बॅरल, नोझल यांची ओळखचिन्हं नोंदलेली असतात. सर्व्हेअर आला की फाइलमधली खूण आणि बसवलेल्या भागावरची खूण ताडून बघू शकतो. स्वस्तातला लोकल पार्ट टाकला, इंजिन छान चाललं, तरी कागदावर ते इंजिन नापास. आपल्याकडं ‘ओरिजिनल टाकू की लोकल?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या खिशावर सुटतो. तिथं तो कायद्यानं सुटतो. जमिनीवरच्या वाहनांचा प्रकार मंजूर करणाऱ्या अधिकृत चाचणी संस्थांपैकी व्हीआरडीई अहिल्यानगरमध्येच आहे. पण एकदा मंजूर झालेल्या ट्रॅक्टरच्या पंपात पाच वर्षांनी कोणतं एलिमेंट बसलं, हे कुणी पाहत नाही. पाहायला हवं.

शेजारच्या नाशिकला याच साखळीतले दोन कारखाने आहेत. बॉश, ज्याला जुने मेकॅनिक अजून मायकोच म्हणतात, तिथं नोझल आणि इंजेक्टर बनवतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स परवान्यावर पीलस्टिक जातीची मोठी सागरी इंजिनं बांधते; २०१४मध्ये नौदलात आलेल्या आयएनएस कामोर्टावर अशी चार आहेत. युद्धनौकांना मार्पोल या सागरी प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे हे नियम लागत नाहीत, पण त्या मुळातच हलक्या डिझेलवर चालतात, त्यामुळं पातळ तेलाचा प्रश्न त्यांच्या पंपांना चुकत नाही.

एप्रिल २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयानं याच किर्लोस्कर कंपनीला ६ मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचा आराखडा आणि नमुना करण्याचं काम दिलं. खर्च २७० कोटी रुपये, त्यातले ७० टक्के सरकारचे, आणि अट अशी की निम्म्याहून अधिक भाग देशी असावेत. ब्लॉक, क्रँककेस, पाइप यांवर ती टक्केवारी सहज भरून निघेल. मला त्या निम्म्यात पंपाचं एलिमेंट हवं आहे, इथंच लॅप केलेलं.