सीसी नंतर, आधी वजन

२२ सप्टेंबर २०२५ रोजी मोटरसायकलींच्या बाजारात ३५० सीसीवर एक रेघ ओढली गेली. रेघेच्या आतल्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पलीकडच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. तेव्हापासून गाडी घ्यायला निघालेला जो तो सीसीचाच हिशेब मांडतो आहे. नाशिकच्या एका वाचकांनीही तोच धागा धरून विचारलं आहे : आठवडाभर पेठ-सुरगाण्याकडे कामासाठी फिरणं होतं, अधूनमधून पत्नीसह लांबचा प्रवास असतो, तर डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी ड्युअल-स्पोर्ट घ्यावी की लांबच्या प्रवासाची टूरिंग, आणि इंजिन किती मोठं असावं?

हा प्रश्न नाशिकहूनच यावा यात नवल नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पूर्वेला येवल्या-मालेगावकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. सकाळी चौपदरी मुंबई-आग्रा महामार्गावर असलेली गाडी दुपारी सावळ घाटाच्या वळणांवर, नाहीतर निफाडच्या काळ्या मातीत, नाहीतर हरिहर किल्ल्याच्या पायथ्याच्या मुरमावर असू शकते. आणि टूरिंग गाडीला सर्वांत शोभेल असा जो रस्ता इथून जातो, तो समृद्धी महामार्ग! त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरची सलग वाट तयार झाली. पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही. म्हणजे नाशिककराचं लांबचं फिरणंही जुन्याच रस्त्यांवरून होणार.

आधी वाऱ्याचं गणित करू, कारण मोठ्या इंजिनाची भूल तिथूनच पडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताठ बसलेला चालक आणि गाडी मिळून, आकाराचा गुणांक धरून, ०.६ चौरस मीटर मानले तर ताशी ६० किलोमीटरला हवा कापायला सव्वादोन हॉर्सपॉवर पुरतात. ८० ला साडेपाचच्या जवळ, १०० ला साडेदहा आणि १२० ला तब्बल अठरा. सुमारे १९ हॉर्सपॉवरची हीरो एक्सपल्स २०० ताशी ११५-१२० च्या आसपास का दमते, हे या एका आकड्यातून कळतं. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. मोठ्या इंजिनाची बहुतेक ताकद अशी वारा हटवण्यात खर्ची पडते.

पण आपल्याकडे चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ८० ची मर्यादा आहे, इतर रस्त्यांवर ६० ची. टायरचं घर्षण धरूनही ८० ला सात हॉर्सपॉवरच्या आसपास काम भागतं. घाटाचं काय? चालकासह अडीचशे किलोचं ओझं वीसास एक चढावर ताशी ५० ने न्यायचं, तर चढ, हवा आणि घर्षण मिळून साडेचार हॉर्सपॉवर लागतात. डबलसीट आणि सामान धरून ते सहाच्या घरात जातील. ओव्हरटेक करताना हाताशी राखीव जोर हवा, हे खरं. तरी वीस हॉर्सपॉवर या जिल्ह्यात कमी पडत नाहीत, असं मी ठामपणे म्हणेन. चाळीस असतील तर आनंद आहे, गरज नाही.

खरी परीक्षा रस्त्यापाशी सुरू होते. ड्युअल-स्पोर्ट गाड्यांचं पुढचं चाक बहुधा २१ इंची असतं, रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांचं १७ इंची. टायर धरून त्रिज्या अनुक्रमे ३५ आणि २९ सेंटिमीटरच्या आसपास भरते. समोर दहा सेंटिमीटरची सरळ कड आली, म्हणजे आपल्याकडच्या खड्ड्याची पलीकडची बाजू, तर ती चढायला चाकावरच्या भाराच्या किती पट ढकलावं लागेल, हे साध्या त्रिकोणमितीने निघतं. १७ इंचीला १.१५ पट, २१ इंचीला ०.९८ पट. आता हेच गणित बैलगाडीला लावा. चार फूट व्यासाच्या लाकडी चाकाला तीच कड ०.६६ पटीत ओलांडता येते. उंच चाक, अरुंद धाव, खाली मोकळी जागा : आपल्या गावगाड्यातल्या सुतारांनी ड्युअल-स्पोर्टची निम्मी रचना पिढ्यान् पिढ्या आधी करून ठेवली होती. तिच्यात नव्हती ती स्प्रिंग. म्हणून बैलगाडी खड्डा सहज पार करते आणि आत बसलेल्याची हाडं मोजते.

ती उणीव लांब हालचालीचा शॉकॲब्सॉर्बर भरून काढतो. रस्त्यावरच्या मेटिऑर ३५० चा पुढचा फोर्क १३० मिलिमीटर दबतो, ड्युअल-स्पोर्ट हिमालयन ४५० चा २००. तोच धक्का जास्त अंतरात जिरवला की सरासरी बल त्या प्रमाणात घटतं. इथे ते जवळपास पासष्ट टक्क्यांवर येतं. मनगटांना आणि कंबरेला हा फरक लगेच कळतो.

इथे मला कीथ मॅदर यांच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर उन्हाळ्यात आडव्या लाटा उठतात, त्यावर गाडी दात वाजेपर्यंत थरथरते. या लाटा का उठतात? कोणी स्प्रिंगांना दोष देत असे, कोणी टायरांना, कोणी खडीला. मेलबर्न विद्यापीठातल्या या भौतिकशास्त्रज्ञाने एका फिरत्या दांड्याला छोटं चाक जोडलं आणि ते वाळूच्या गोल वाटेवर फिरवत ठेवलं. वाळू बदलली, चाक बदललं, स्प्रिंग बदलली. ठरावीक वेग ओलांडला की लाटा येतच राहिल्या. कारण मोहक आहे. कुठलाही पृष्ठभाग पूर्ण सपाट नसतो. बारीकशा उंचवट्यावरून चाक किंचित उडतं, पडताना पुढची वाळू दाबून बाजूला सारतं, त्या खळग्याच्या पुढे नवा उंचवटा तयार होतो, आणि पुढच्या फेरीत तोच चाकाला पुन्हा उडवतो. म्हणजे लाटा रस्त्यात आधीपासून दडलेल्या नसतात, चाकाच्या वेगातून त्या घडतात. १९६३ मध्ये त्यांनी हे 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मांडलं. त्याआधी, १९५७ मध्ये, ते अंटार्क्टिकावरच्या मॉसन तळाचे प्रमुख होते; जिथे रस्ताच नाही तिथे हिवाळा काढलेल्या माणसाने जगभरच्या रस्त्यांचं कोडं हाती घ्यावं, हे मला फार आवडतं. २००७ मध्ये ताबर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन या तिघांनी फिरत्या वाळूच्या तबकावर हा अभ्यास काटेकोरपणे पुढे नेला. स्प्रिंग काढून टाकली तरी लाटा उमटतात, हेही त्यात दिसलं. तरी रस्त्यांविषयी बोलताना मॅदर यांचं नाव क्वचितच कोणी घेतं.

आपल्या गाडीला यातून काय मिळतं? दोन लाटांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटर धरा. ताशी २० ला सेकंदाला आठ धक्के बसतात, ४० ला सोळा. शॉकॲब्सॉर्बरवर तोललेली गाडी स्वतः सेकंदाला दीड-दोनदाच डोलू शकते, त्यामुळे धक्के जितके जलद तितके ते वरपर्यंत कमी पोचतात. म्हणूनच वेग वाढवला की गाडी शांत झाल्यासारखी वाटते. पण त्याच वेळी चाक लाटांच्या माथ्यांवरच टेकत असतं, आणि हवेत असलेल्या टायरला ना वळता येतं ना थांबता येतं. इथे चांगल्या शॉकॲब्सॉर्बरचं काम आरामापेक्षा मोठं आहे : त्याने चाक जमिनीला लावून ठेवायचं असतं.

पावसाळ्यात वेगळाच प्रश्न उभा राहतो. निफाड, सिन्नर, येवल्याकडची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाने भरलेली आहे. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि विलक्षण चिकट होते. रस्त्याच्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट असते. शेतातल्या पाऊलवाटेवर थोडं जाताच ती चिखलाने भरते आणि पुढचं चाक अडतं. ड्युअल-स्पोर्टचा तो चोचीसारखा उंच मडगार्ड दिखाव्याचा नाही, या चिखलाला वाट देण्यासाठी आहे. मात्र महामार्गावर तोच वारा पकडतो. खोल नक्षीच्या टायरांचंही तसंच. मातीत ते रुततात, पण ओल्या डांबरावर त्यांचा कमी रबर टेकतो. जुलैत कसाऱ्याच्या उतारावर मला साधे, रस्त्याकडे झुकलेले टायरच हवेत.

आता वजन. विक्रीच्या जाहिरातींत हा आकडा सर्वांत बारीक टाइपात असतो, आणि निवड याच्यावरच व्हायला हवी असं माझं मत आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल त्याच्या दुप्पट उंचीवर धरा. गाडी कलली की ती तोलून धरायला हँडलपाशी लागणारा जोर म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाचा, कलण्याच्या कोनानुसार ठरणारा हिस्सा. १९६ किलोची हिमालयन ४५० पाच अंश कलली तर साडेआठ किलो, कोणीही पेलेल. वीस अंशांना ३३ किलो. तीस अंशांना ४९, आणि तेही ओल्या मुरमावर, एका पायावर. २३७ किलोची बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस त्याच कोनाला ५९ किलो मागते. मागे सामान बांधलं की आकडा आणखी चढतो.

त्यात सीटची उंची मिळवा. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या जवळपास आहे, स्त्रियांची त्याहून बरीच कमी. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ वर. सरासरी उंचीच्या माणसाच्या टाचा तिथे उचललेल्या राहतात. पाय चवड्यावर टेकला की गाडी थोडी जास्त कलल्याखेरीज आधारच मिळत नाही, आणि वरच्या हिशेबात तोच कोन महाग पडतो.

'ॲडव्हेंचर' या नावाभोवतीचं वलय मला म्हणूनच खटकतं. १९८० ची बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या साऱ्या अवजड घराण्याची मूळ गाडी. ह्युबर्ट ऑरिओलने बीएमडब्ल्यूवर १९८१ ची पॅरिस-डकार शर्यत जिंकली तेव्हापासून मोठं इंजिन म्हणजे दुर्गम वाट हे समीकरण लोकांच्या मनात बसलं. पण आर ८० जी/एसचं वजन पेट्रोलसह १९० किलोंच्या आसपास होतं, आजच्या वंशजाहून कितीतरी कमी. आणि आजच्या डकारमध्ये? २०११ पासून मोटरसायकलींना ४५० सीसीची कमाल मर्यादा आहे. जगातल्या सर्वांत खडतर शर्यतीला त्याहून मोठं इंजिन लागत नाही, तर हरिहरच्या पायथ्यापर्यंत जायला कशाला लागेल? आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर रोज जाणारे शिक्षक, आशाताई, भाजीवाले कशावर जातात ते बघा. ११२ किलोची स्प्लेंडर, सीट ७८५ मिलिमीटरवर. ती तीस अंश कलली तर २८ किलोंत सावरते. शॉकॲब्सॉर्बर बेताचा असूनही ती तिथे टिकली आहे.

टूरिंगच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो डावलून चालणार नाही. चाक, टायर, ब्रेक यांचं वजन शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असतं. त्याच्या तुलनेत वरचं वजन जितकं जास्त, जसं टूरिंग गाडीचं, तितकी गाडी स्थिर चालते. शिवाय ८० च्या वेगाला गाडी आणि चालकावर मिळून अठरा किलोंचा वाऱ्याचा दाब असतो. चांगली काच त्यातला बराच वाटा छातीवरून काढते. ज्यांचं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरावर आणि डबलसीट आहे, त्यांनी मेटिऑरसारखी बुटकी, निवांत गाडी खुशाल घ्यावी.

पत्र पाठवणाऱ्या वाचकांचं तसं नाही. त्यांच्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे : दीडशे ते एकशे सत्तर किलोंमधली, २०० मिलिमीटरच्या वर ग्राउंड क्लिअरन्स असलेली, १९ किंवा २१ इंची पुढच्या चाकाची गाडी. एक्सपल्स किंवा व्ही-स्ट्रॉम एसएक्स या चौकटीत बसतात, दोन्ही ३५० सीसीच्या आत. एक्सपल्सच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. दगडावर रिम तडकण्याऐवजी वाकते, पण पंक्चर झाल्यास चाक उतरवावं लागतं. व्ही-स्ट्रॉमचं ट्यूबलेस पंक्चर दहा मिनिटांत जागेवरच निघतं. पेठच्या पुढे पंक्चरवाला शोधायची वेळ आली तर हा फरक सीसीपेक्षा जास्त मोलाचा.

शोरूममध्ये टाकी भरलेली गाडी मागा, स्टँडवरून काढून ती थोड्या चढावर मागे ढकलून बघा, मग दोन्ही बाजूंना हळूहळू कलवत न्या आणि कुठपर्यंत सावरते ते पाहा. मागे पत्नींना बसवूनच चाचणी घ्या. या गाड्यांवर मागच्याला चढायला पाय बराच उंच टाकावा लागतो, आणि दोघांच्या वजनाला मागचा शॉकॲब्सॉर्बर घट्ट करावा लागतो. तो किती टप्पे फिरवायचा हे तिथेच मेकॅनिककडून करवून घ्या.