पोरांचा धंदा आणि पोरांची वही



गटऑफिसात उसाची नोंद द्यायला आलेला सभासद काम उरकलं की जरा घुटमळतो आणि हळूच दुसरा विषय काढतो. "आमचं धाकटं अकरावीला आहे. कॉलेजात जातंय, पण डोकं सगळं धंद्यात. शेळ्या घेऊ म्हणतंय, उसाची रोपं करू म्हणतंय. काय करावं?" विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मं कौतुक असतं आणि निम्मी काळजी. पोरगं मोबाईल बाजूला ठेवून कशात तरी मन घालतंय हे कौतुक, आणि शिक्षणही जाईल, पैसाही जाईल ही काळजी.

आमचं सांगणं असं की, करू द्या. आजोबांचे आठ एकर होते, बापाच्या वाट्याला चार आले, पोराच्या वाट्याला दोन येतील. आडसाली उसाचं बिल हातात पडायला दीड वर्ष जातं. दोन एकरांच्या उसावर एक संसार उभा राहत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे; फक्त पोरांसमोर आपण ते बोलत नाही. ती मात्र न सांगताच ओळखतात. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी एखादं पोर काही करून बघतो म्हणत असेल, तर तो त्याचा खुळेपणा नव्हे. घराकडं डोळे उघडून बघितल्याची ती खूण आहे.

पण करू देणं म्हणजे नुसतं पैसे देणं नव्हे. गावोगाव दिसणारी एक गोष्ट घ्या. पोराला दोन शेळ्या घेऊन दिल्या. त्यानं वर्षभर शाळेच्या आधी आणि नंतर पाला आणला, करडं वाढवली. बकरी ईदच्या आधी बोकड चांगल्या किमतीला गेला. व्यापाऱ्यानं पैसे दिले ते बापाच्या हातात. बापानं त्यातून युरियाची पोती आणली, उरलेले सोसायटीच्या हप्त्याला घातले. घर एकच आहे, त्यात चूक ती काय? तसं बघितलं तर काहीच नाही. पण पोराचा धंदा त्या दिवशी संपला. पुढच्या वर्षी ते शेळ्यांकडं बघत नाही आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही.

चिकाटी होती. तिचे पैसे खतात गेले.

म्हणून आमची पहिली आणि खरं म्हटलं तर मुख्य सूचना एवढीच, की पोराच्या धंद्याची वही वेगळी, पैसा वेगळा आणि तोट्याची मर्यादा आधी ठरलेली असावी. बुडाले तरी घरच्या चुलीला धक्का लागणार नाही एवढेच पैसे एकदा द्यावेत. ते उसने म्हणून द्यायचे की भांडवल म्हणून, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. उसने असतील तर परत घ्यावेत. "राहू दे रे, घरचेच आहेत" म्हणून सोडून देणारा बाप पोरावर प्रेम करतो खरा, पण धंदा शिकवत नाही. आणि घराला अडचण आलीच, तर पोराच्या पैशांतून जे घ्याल तेही उसनं म्हणून त्याच्या वहीत मांडावं. बापानं पोराच्या वहीत सही करून पैसे उचलले, तर त्या पोराची छाती चार बोटं फुगते.

आता वहीत काय लिहायचं ते जरा खोलात जाऊन बघू. आपल्या भागात सहज जमणारा धंदा म्हणजे एक डोळ्याची ऊसरोपं. ज्याला बेणं कसं असतं हे लहानपणापासून माहीत आहे, त्याला हे काम परकं नाही. समजा एका मुलानं बेचाळीस खणांचे १२० ट्रे भरले, म्हणजे ५,०४० डोळे लावले. त्यातली विकण्याजोगी ४,००० रोपं हाती आली आणि रोपामागे अडीच रुपये मिळाले असं धरू. (दर गावोगावी आणि हंगामागणिक बदलतो, इथं तो फक्त हिशेबासाठी.) विक्री झाली १०,००० रुपयांची. मुलगा वहीत खर्च मांडतो : कोकोपीट १,५००, औषधं ४००, टेम्पोचं भाडं ९००. एकूण २,८००. नफा ७,२००! पोरगं घरभर नाचतं.

इथं वडीलधाऱ्यानं शेजारी बसावं आणि ओरडायचं नाही, फक्त विचारायचं. बेणं कुठून आणलं? "आपल्याच वावरातलं, आबा." ते फुकट का? कारखान्याला घातलं असतं तर पैसे आले असते. अर्धा टन धरू, टनाला ३,५०० प्रमाणे १,७५०. ट्रे? १५ रुपयांचा एक, म्हणजे १,८०० चे ट्रे. तीन वेळा वापरले जातील म्हणून या खेपेला ६००. सावलीच्या जाळीचा वाटा ३००. आणि डोळे काढायला, ट्रे भरायला आई आणि ताई बसल्या त्याचं काय? "त्या तर घरच्याच!" घरच्या असल्या तरी हात त्यांचेच ना? सहा दिवसांचे, ३०० रुपये रोजानं १,८००. हे सगळं मिळून ४,४५० झाले. आता नफा उरला २,७५०.

पोराचा चेहरा उतरतो. उतरू द्या. हे २,७५० खरे आहेत, ते ७,२०० खोटे होते. खोट्या नफ्यावर पुढच्या खेपेला कुणी तिप्पट ट्रे घेतले, तर तो तिप्पट खड्ड्यात जातो. शिवाय या निमित्तानं आईच्या कष्टाला घरात पहिल्यांदा आकडा लागतो, आणि तो तिच्या हातात पडायला हवा. (खरं सांगायचं तर हा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या उसाचा मांडलाय? पोराबरोबर बसल्यावर बापाचीही वही उघडते, हा वरकड फायदा.)

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. ऊसरोप हा थांबणारा माल नव्हे. महिना-दीड महिन्यात ते शेतात गेलं पाहिजे. पुढं ट्रेमध्येच मुळ्या गुरफटतात आणि रोप पिवळं पडतं. कालव्याची पाळी लांबली, पाऊस ओढला, की ज्यानं "घेतो" म्हटलं होतं तो फिरकत नाही. म्हणून इसार घेतल्याशिवाय डोळा लावू नये, हे पोराला आधीच शिकवावं. पण इसार मागायला त्याचं त्यालाच जाऊ द्यावं. बाप बरोबर गेला की समोरचा बापाशी बोलतो आणि पोरगं मोटरसायकलजवळ उभं राहतं. ओळख करून द्या, पत्ता द्या, बोलणं त्याला करू द्या.

इथं आपण शेजारी, चुलते, भावकी यांनाही थोडं सांगायचं आहे. भिडेपोटी खरेदी करू नका. रोपं खराब असतील तर स्पष्ट नाही म्हणा आणि का नाही तेही सांगा. कौतुकानं घेतलेल्या शंभर रोपांपेक्षा "तुझ्या रोपाला कांड्याजवळ बुरशी दिसतेय" हे एक वाक्य त्याला जास्त उपयोगी. चांगली असतील तर मात्र पूर्ण भाव द्या. पोर आहे म्हणून पाडून मागणं आणि उधार ठेवणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे. दुकानदाराची उधारी बुडवायला माणूस लाजतो, पोराची बुडवायला लाजत नाही.

मार्गदर्शक बापच असावा असंही नाही. बापाला पोराची वही तपासताना राग येतो, मामाला येत नाही. तालुक्याचा वेल्डिंगवाला, सोसायटीचा निवृत्त सचिव, दूध डेअरी चालवणाऱ्या काकू, असं कुणी महिन्यातून एकदा तासभर दिला तरी पुष्कळ.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत १९१९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथं कागद कारखानदार होरेस मोझेस, टेलिफोन कंपनीचे थिओडोर व्हेल आणि सिनेटर मरे क्रेन यांनी 'ज्युनिअर अचीव्हमेंट' नावाचं काम सुरू केलं. शेती सोडून शहराकडं निघालेल्या मुलामुलींना धंद्याची रीत कळावी हा त्यांचा हेतू होता. पुढं त्या कामाला जो आकार आला तो आपल्या सभासदांना लगेच समजेल. मुलं मिळून छोटी कंपनी काढतात, ओळखीच्यांना भाग विकून भांडवल गोळा करतात, आपल्यातूनच पदाधिकारी निवडतात, वस्तू बनवून विकतात आणि मुदत संपली की कंपनी गुंडाळून भागधारकांना हिशेब आणि उरला तर लाभांश देतात. गावातला एखादा व्यावसायिक सल्लागार म्हणून शेजारी बसतो. त्यातलं भाग, लाभांश आणि वार्षिक हिशेब आपल्याला ठाऊकच आहेत. फरक इतकाच की तिथं हे सगळं पोरं करतात, आणि आपल्याकडं सर्वसाधारण सभेला पोरांना चहाच्या कपबश्या उचलायला बोलावतात.

त्याच १९१९ साली आपल्याकडं कराड तालुक्यातल्या काले इथं कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'कमवा आणि शिका' म्हणत हजारो गरीब मुलांनी राबून शिक्षण घेतलं. कर्मवीर स्वतः एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचसामानाची विक्री करत गावोगाव हिंडले होते. माल विकणं हलकं काम आहे, असं त्यांच्या मुलखात तरी कुणी म्हणू नये.

आणखी जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून त्यांनी १९८३ साली या अवर्षणाच्या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातलं मूल हातानं करून शिकतं, फळ्यावर बघून नव्हे, हे त्यांचं सूत्र. आश्रमानं आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातला एक दिवस कामाचा ठेवण्याची रीत घातली. लोखंडकाम आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य अशी चार अंगं. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की मुलांनी केलेलं काम गावाच्या खऱ्या उपयोगाचं असावं. खोटं काम शिकवलं तर मूल खोटंच शिकतं. खुर्ची डगमगली तर गुण कापणारे मास्तर वेगळे, आणि परत आणून देणारं गिऱ्हाईक वेगळं! डॉ. कलबाग २००३ साली गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

मुलींविषयी थोडं स्पष्ट बोलू. मुलगी शिवणयंत्र चालवते, मसाले करते, कोंबड्या सांभाळते, तेव्हा त्याला आपण धंदा म्हणत नाही, 'हातभार' म्हणतो. तिची कमाई तिच्याच लग्नाला जमा होते आणि वर आपण तिला सांगतो की हे तुझ्यासाठीच आहे. मुलाची वही वेगळी हवी, तर मुलीची त्याहून आधी हवी, कारण तिचा पैसा घरात विरघळायला वेळ लागत नाही.

आता कायद्याचं. अठरा वर्षं पूर्ण झाल्याखेरीज मुलगा किंवा मुलगी करारानं बांधली जात नाही. म्हणून मोठं कर्ज, भाडेपट्टा, यंत्राचे हप्ते यात त्यांना घालू नये आणि माल शक्यतो रोखीनं घ्यावा. मुद्रा कर्जाचा विषय अठरानंतर. बँकेचं मात्र अडत नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खातं उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली दिली आणि २०२५ साली पुन्हा स्पष्ट केली. मर्यादा बँक ठरवते आणि खात्यात शिल्लक असावीच लागते. विक्रीचे पैसे त्या खात्यात गेले की वरचा बोकडाचा प्रसंग टळतो. चौदाच्या आतल्या मुलांनी शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावण्यापलीकडं काही करू नये, आणि अठराच्या आतल्या कुणालाही धोक्याचं काम देऊ नये. बेणेप्रक्रियेचं औषध कालवणं हे थोरल्या माणसाचंच काम, तेही हातमोजे घालून.

राहता राहिला अभ्यास. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात, म्हणजे तिच्या रोपांसाठी डोळे जूनमध्ये लावावे लागतात. शाळा-कॉलेज नुकतं उघडलेलं असतं, तेव्हा ताण कमी. ट्रे, जाळी, कोकोपीट यांची जमवाजमव आणि इसाराची फिरती मे महिन्याच्या सुट्टीत उरकावी. पूर्वहंगामीची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात उचलली जातात, तेव्हा दिवाळीची सुट्टी हाताशी असते. फक्त सहामाही परीक्षेचा आठवडा सोडून डोळे लावावेत. सुरू हंगामाची रोपं मात्र नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर येतात. त्या वर्षी तेवढा एक हंगाम सोडावा आणि ट्रे धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवून द्यावेत.