हॉकीचे हरवलेले पत्ते

छंद म्हटला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते आणि मित्रांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी काडेपेटीवरची चित्रे. मी हॉकीविषयीचे छापील कागद जमवतो. हे ऐकले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "त्याचा उपयोग काय?" त्या प्रश्नाला उत्तर द्यावे आणि जाता जाता या छंदाची रीतही समजावून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

खेळाडूंची चित्रे जमवण्याची हौस जुनी आहे. माझ्या मामाच्या लहानपणी 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि चाळीच्या जिन्यात त्यांची देवाणघेवाण चाले. पुढे ट्रम्प कार्डे आली. या साऱ्यांचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंड-अमेरिकेतल्या सिगारेटच्या पाकिटांत सापडते. तेव्हाची कागदी पाकिटे लेचीपेची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून मध्ये एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नटी, सैनिक, पक्षी आणि खेळाडू छापले जाऊ लागले. चित्रांना क्रमांक दिले, की संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेणार! धंद्याची ही युक्ती हाच या छंदाचा जन्म.

कॅनडात 'हॉकी' म्हणजे बर्फावरची हॉकी. तिथे १९१०-११ च्या हंगामात एका तंबाखू कंपनीने हॉकीपटूंच्या ३६ कार्डांचा संच काढला. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली, पण कार्डे चालूच राहिली. वेन ग्रेट्स्की या खेळाडूचे १९७९ सालचे एक कार्ड २०२१ साली साडेसदतीस लाख अमेरिकी डॉलरना विकले गेले. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला एवढी किंमत का यावी?

जमवणारे चार गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट संचाची. छत्तीसपैकी पस्तीस हाती असले, तर छत्तिसाव्यासाठी माणूस वाटेल ते मोजतो. दुसरी गोष्ट, ते कार्ड त्या खेळाडूचे पहिले आहे का? ग्रेट्स्कीचे हे कार्ड त्याच्या कारकिर्दीच्या आरंभीचे. तिसरी गोष्ट अवस्थेची, म्हणजे कोपरे शाबूत आहेत का, चित्र मधोमध छापले आहे का, डाग किंवा घडी आहे का, याची. त्या काळी ही कार्डे तारेने कापली जात, त्यामुळे कडा खडबडीत निघत. निर्दोष कार्ड हाती लागणे म्हणूनच विरळा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे किती कार्डे उरली. पोरे ती खिशात कोंबत, भिंतीवर चिकटवत, आणि मोठी झाली की आया घर आवरताना फेकून देत. जे सर्वांनी फेकले, तेच पुढे दुर्मिळ होते. किंमत येते ती या फेकण्यामुळे!

आता आपल्याकडे वळू. भारताने १९२८ ते १९५६ या काळात ऑलिंपिक हॉकीची सहा सुवर्णपदके ओळीने जिंकली, आणि पुढे १९६४ व १९८० साली आणखी दोन. पण आपल्या हॉकीला कार्डांची अशी परंपरा लाभली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर जर्मनीतल्या एका सिगारेट कंपनीने दोन खंडांचा अल्बम काढला होता. पाकिटांतली कुपने साठवून छायाचित्रे मिळवायची आणि त्यात चिकटवायची. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले. हरलेल्यांच्या घरी अल्बम राहिले. जिंकणाऱ्यांच्या देशातल्या मुलांना जमवायला काय होते?

म्हणून आपल्याला आपला संच स्वतःच जुळवावा लागतो. माझ्या संचाचा कणा म्हणजे पोस्टाची तिकिटे. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, त्यानिमित्त ३१ डिसेंबर १९६६ रोजी पंधरा पैशांचे तिकीट निघाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या संचातही एक तिकीट हॉकीचे आहे. ध्यानचंद ३ डिसेंबर १९७९ रोजी वारले आणि बरोबर एका वर्षाने त्यांचे तिकीट आले. चौथे तर आपल्या मुंबईचेच. २९ डिसेंबर १९८१ पासून चर्चगेटच्या हॉकी मैदानावर विश्वचषक स्पर्धा झाली, तिचे. १२ जानेवारी १९८२ रोजी पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून तो चषक नेला. ही तिकिटे अजून फारशी महाग नाहीत. जीपीओच्या आसपासच्या फुटपाथवर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतील अशी मिळतात. तिकिटाबरोबर त्या दिवसाचा शिक्का मारलेले 'प्रथम दिवस आवरण' आणि पोस्टाचे माहितीपत्रक मिळाले, तर तेही घ्यावे. तिकिटावर नुसते चित्र असते. हकीकत असते ती माहितीपत्रकात.

पण तिकिटे सरकार काढते, आणि सरकार मोठ्या विजयांचीच काढते. मुंबईची हॉकी एवढीच नव्हती. आगाखान चषकाची स्पर्धा इथे १८९६ साली सुरू झाली. रेल्वे, टाटा, महिंद्र असे संघ इथे खेळले. १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघातले गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचे. या लोकांचा इतिहास सामन्याच्या पत्रिकेत, प्रवेशिकेत, वर्तमानपत्राच्या कात्रणात आणि समूहछायाचित्रांत आहे, आणि हे सारे आज रद्दीच्या वाटेवर आहे.

मुलुंडच्या एका रद्दीच्या दुकानात मला असे एक छायाचित्र वीस रुपयांना मिळाले. अकरा खेळाडू, हातात स्टिका, पुढे एक चषक. पाठीमागे पेन्सिलीने '१९५७' एवढेच लिहिलेले. ना संघाचे नाव, ना खेळाडूंचे. मी ते आमच्या शेजारच्या इमारतीतल्या काकांना दाखवले. ते तरुणपणी रेल्वेकडून खेळत आणि त्याआधी, शाळकरी वयात, एकही सामना चुकवत नसत. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्यांनी पाहिले. "अरे, हा डावीकडून तिसरा आमच्याच लाइनीत राहायचा. सेंटर-हाफ. याला चकवून पुढे जाणं म्हणजे महाकठीण," ते म्हणाले. असे करत त्यांनी चौघांना ओळखले. नावे, जागा, कोण कुठल्या खात्यात होता, सगळे सांगितले. मी ते लिहून घेतले. उरलेले सात अजून अनोळखी आहेत. त्यांना ओळखू शकेल अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

उपयोग काय, याचे माझे उत्तर या छायाचित्रात आहे. कॅनडातल्या कार्डाच्या पाठीवर खेळाडूचे नाव आणि संघ छापलेला असतो. तो शंभर वर्षांनीही ओळखू येतो. आमच्या खेळाडूच्या पाठीवर कोणी काही लिहिले नाही. ते लिहिणे हाच माझा छंद.

रीत सोपी आहे. कोणताही कागद मिळाला की कुठे, कधी आणि कोणाकडून मिळाला याची नोंद वेगळ्या चिठ्ठीवर करावी. मूळ कागदावर शाईने काही लिहू नये. डिंक, फेव्हिकॉल आणि चिकटपट्टी यांना तर शिवूही नये. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. लॅमिनेशन केले की कागद कायमचा अडकला. मुंबईचा पावसाळा हा कागदाचा मोठा वैरी. बुरशी आणि कसर दोन्ही दमट हवेत माजतात. म्हणून कागद भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, आणि पाऊस संपला की कोरड्या दिवशी सावलीत वारा द्यावा. उन्हात मात्र ठेवू नये, शाई उडते.

कोणी म्हणेल, हे काम मोठ्या संस्थांचे आहे. खरे आहे, पण एकाच हाती सारे सोपवण्यात धोका असतो. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या बलबीरसिंग सीनियर यांनी १९८५ साली आपली पदके, १९५६ च्या संघाचा कोट आणि कितीतरी छायाचित्रे नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी देऊन टाकली. २०१२ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी त्यांची गरज पडली, तेव्हा त्यांचा पत्ता लागेना. २०२० साली ते गेले, तोवर त्या वस्तू त्यांना परत मिळाल्या नव्हत्या. त्यातल्या छायाचित्रांच्या चार प्रती चार घरी असत्या, तर?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची ट्रंक उघडते आणि तराजूवर चढते. माझ्या वाचकमित्रांना एवढेच सांगणे आहे की किलोच्या भावाने देण्याआधी ती ट्रंक एकदा चाळा. स्टिक घेतलेला एखादा तरुण दिसला, तर आजी-आजोबांना त्याचे नाव विचारा आणि लिहून ठेवा. प्राध्यापकांना विनंती आहे की अशा कागदांसाठी आपल्या ग्रंथालयात एक खोका असावा. पहिला कागद, म्हणजे त्या १९५७ च्या छायाचित्राची प्रत, मी देतो. चार नावांची चिठ्ठी जोडलेली आहे, सात जागा कोऱ्या सोडल्या आहेत.