विष्णू दिगंबरांची शिस्त

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरात झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. पुस्तकी शिक्षण थांबले आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय या बुवांचे. मिरजेतल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णू दिगंबरांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. ते काय, गवई, असे कारण मिळाले, अशी हकिकत सांगितली जाते. गवयाला समाजात मान नाही, हे शल्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या कडकपणाचे मूळ तिथे आहे.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. गाणे तेव्हा राजेरजवाड्यांच्या आश्रयाला असे. त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. ते संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालायचे होते. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वतः तयार केलेली स्वरलेखनपद्धती आणि परीक्षा असा तिथला रिवाज होता. घराण्यात जपून ठेवलेली विद्या आता फी भरून कुणालाही शिकता येऊ लागली.

विद्यालयाचा कणा म्हणजे उपदेशक वर्ग. यातल्या मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण फुकट मिळे; बदल्यात नऊ वर्षे शिकण्याचा करार लिहून द्यावा लागे. मुले गुरूंच्या नजरेखाली राहत. रियाजाइतकेच लक्ष वागण्याबोलण्यावर असे. हे आज जाचक वाटेल, आणि काही अंशी ते होतेही. पण गवई म्हटला की व्यसन आलेच, असे लोक तेव्हा धरून चालत. चांगल्या घरातल्या माणसाने आपली मुलगी गाणे शिकायला पाठवावी, तर शिकवणारा निर्व्यसनी आणि शब्दाचा पक्का हवा. विष्णू दिगंबरांना नुसते गायक घडवायचे नव्हते. गावोगाव जाऊन शाळा काढतील असे शिक्षक त्यांना हवे होते, आणि इथेच त्यांची दृष्टी इतर उस्तादांपेक्षा लांबची ठरते. बंदिशींतले उत्तान शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तिपर शब्द घालण्याचा त्यांचा आग्रहही याच विचारातला. त्यात काही जुन्या रचनांचा मूळ रंग फिका झाला, हे मात्र मान्य करावे लागते.

हे शिक्षण कुठवर पोचले, हे नारायण मोरेश्वर खरे यांच्यावरून दिसते. गांधीजींना आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता. विष्णू दिगंबरांनी आपल्या या शिष्याला पाठवले. साबरमतीची प्रार्थना खरे यांनी सुरात बसवली, ‘आश्रम भजनावली’ संकलित केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. स्वतः गुरू काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, तरी ते गीत पुरे करूनच थांबले.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघाले. तिथे उभारलेल्या इमारतीचे कर्ज फिटले नाही आणि ती लिलावात गेली. त्यानंतर त्यांचा ओढा नाशिकच्या आश्रमाकडे आणि रामनामाकडे वाढला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

इमारत गेली तरी शिष्य कामाला लागलेले होते. ओंकारनाथ ठाकुरांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे शिक्षण उभे केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व घडले. मुलगा दत्तात्रेय वडील गेले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव आणि नारायणराव व्यास या गुरुबंधूंनी शिकवले, आणि डी. व्ही. पलुस्कर म्हणून तो नावारूपाला आला. गुरूंच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्येच अहमदाबादला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या ‘विशारद’सारख्या परीक्षांना आजही ठिकठिकाणच्या केंद्रांवर विद्यार्थी बसतात.